रात्रीचं पाणी, चुलीची मोळी, माळावरची तार
‘शिवार आणि रान’ : लेखांक सहावा

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर या चार तालुक्यांत शेतीपंपांना वीज दिवसा मिळते की रात्री, हा प्रश्न कागदोपत्री ऊर्जा विभागाचा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एखाद्या घरात वर्षाला किती सिलिंडर येतात, हा पेट्रोलियम मंत्रालयाचा. माळावरून जाणारी वीजवाहिनी कुठून न्यायची, हा पारेषण कंपन्यांचा. वन विभागाच्या दप्तरात या तिन्हींची नोंद होते ती अगदी शेवटी : माणूस दगावल्यावर, वाघ मेल्यावर, माळढोक तारेला आपटल्यावर.

मागच्या लेखांत आपण मानव-वन्यजीव संघर्षाकडे प्राण्यांच्या बाजूने पाहिलं. या आठवड्यात तोच संघर्ष विजेच्या खांबापाशी आणि चुलीपाशी उभं राहून पाहू. गेल्या काही वर्षांत केंद्राने आणि राज्याने कल्याणकारी योजना, ग्रामीण ऊर्जा आणि वन्यजीव या तिन्ही आघाड्यांवर मोठे निर्णय घेतले. ते स्वतंत्रपणे जाहीर झाले आणि स्वतंत्रपणेच राबवले जात आहेत. पण ज्या घरावर, ज्या बांधावर त्यांचा परिणाम व्हायचा आहे, ते घर आणि तो बांध एकच आहे.

रात्रीची लाईट

महावितरणची शेतीपंपांसाठीची रूढ पद्धत चक्राकार आहे. आठवड्यातले काही दिवस दिवसा आठ तास, उरलेले दिवस रात्री दहा तास थ्री फेज वीज. कारखाने, कार्यालयं, शहरं यांची मागणी दिवसा आणि संध्याकाळी चढते, मध्यरात्रीनंतर उतरते. शेतीपंपांचा भार मात्र हव्या त्या तासांकडे ढकलता येतो, कारण त्यांच्या वाहिन्या गावठाणाच्या वाहिन्यांपासून वेगळ्या केलेल्या आहेत. गुजरातने २००३ ते २००६ या काळात ज्योतिग्राम योजनेतून हे विलगीकरण राज्यभर केलं. महाराष्ट्रातही गावठाण फीडर वेगळे झाले. त्यामुळे घरातला दिवा आणि पिठाची गिरणी यांना खात्रीची वीज मिळू लागली, हा फायदा मोठाच. पण पंप रात्रपाळीवर गेला आणि त्याच्यामागे शेतकरीही गेला.

रात्री पाणी देणं म्हणजे नेमकं काय, हे शहरातल्या वाचकासाठी जरा तपशिलाने सांगायला हवं. मोटारीला ऑटो स्विच लावला की लाईट आल्यावर ती आपोआप सुरू होते. पाणी मात्र आपोआप योग्य सरीत जात नाही. पाटाने आलेलं पाणी उसाच्या एका सरीत भरलं की तिचं दारं मातीने बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. हे काम वाकूनच करावं लागतं. हातात फावडं, डोक्याला बॅटरी, पाय घोट्यापर्यंत चिखलात. दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस. वाऱ्याने पाचट सतत वाजत असतं, त्यामुळे पाच हातांवर काही हललं तरी त्याचा वेगळा आवाज येत नाही. मध्येच लाईट गेली तर ती येईपर्यंत बांधावर बसून राहायचं, कारण घरी जावं तर पाळी चुकते. घरात दुसरा कर्ता माणूस नसेल तर बाई बॅटरी धरायला येते, आणि तान्हं मूल असेल तर तेही बांधावर निजवलेलं असतं.

याच उसात बिबट्या राहतो. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर परिसरात बारमाही पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. मादीला पिल्लं वाढवायला एवढा अवधी पुरतो. खायला कुत्री, शेळ्या, वासरं आणि डुकरं वस्तीच्या आसपासच मिळतात. डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात कॅमेरा ट्रॅप लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. भरवस्तीच्या, शेतीच्या या मुलखात दर शंभर चौरस किलोमीटरला पाचच्या आसपास प्रौढ बिबटे असल्याचं त्यातून दिसलं. म्हणजे ते जंगलातून ‘भरकटून’ आलेले नव्हते, ते तिथलेच रहिवासी होते. २०२२ च्या राष्ट्रीय गणनेत देशात १३,८७४ आणि महाराष्ट्रात १,९८५ बिबटे असल्याचा अंदाज आला, पण ती गणना मुख्यतः जंगलांची होती. उसातले बिबटे त्या आकड्यात धरलेले नाहीत.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात अवघ्या तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. गावकरी रस्त्यावर उतरले आणि अखेर वन विभागाला तो बिबट्या गोळी घालून मारावा लागला. हे तिघे रात्री दारं धरताना गेलेले नव्हते, हे स्पष्ट सांगायला हवं. दिवसाच्या विजेने बिबट्याचा सगळा प्रश्न सुटेल, असं म्हणणं दिशाभूल करणारं ठरेल. गोठे बंदिस्त हवेत, घराभोवतीचा ऊस मागे सरकायला हवा, उघड्यावरची घाण आणि मोकाट कुत्री कमी व्हायला हवीत. पण बिबट्या मुख्यतः रात्री फिरतो, आणि त्या वेळी हजारो माणसांना वाकून, एकेकट्याने उसात उभं करणारी व्यवस्था निसर्गाने केलेली नाही. ती एका वेळापत्रकाने केली आहे, आणि वेळापत्रक बदलता येतं.

त्यात सापांची भर घालायला हवी. देशभरच्या मृत्यूंच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात दरवर्षी सर्पदंशाने सुमारे ५८,००० माणसं मरतात, आणि त्यांतले बहुसंख्य मृत्यू खेड्यांत होतात. केंद्र सरकारने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचे आहेत. आराखड्यात प्रतिसर्पविष आहे, डॉक्टरांचं प्रशिक्षण आहे. पण ओल्या सरीत रात्री उतरणारा पाय दिवसा उतरू लागला, तर दंशच कमी होतील. हा उपाय आरोग्य खात्याच्या हातात नाही.

दुपारची वीज स्वस्त झाली, तेव्हा

शेतकऱ्याला रात्री वीज देण्यामागे जो हिशेब होता, तो आता उलटला आहे. २०२५ च्या जानेवारीत देशाची सौर वीजक्षमता १०० गिगावॅटच्या पुढे गेली. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि तेव्हाच ती सर्वांत स्वस्त पडते. म्हणून २०२३ मध्ये केंद्राने वीजग्राहक हक्क नियम दुरुस्त केले आणि शेती सोडून इतर ग्राहकांना सूर्यप्रकाशाच्या तासांत दर कमी ठेवण्याची तरतूद केली. ज्या तासांत वीज वापरा म्हणून कारखान्यांना सवलत दिली जाते, त्याच तासांत पंपाला वीज नाकारण्याचं जुनं कारण आता उरलेलं नाही.

केंद्राची पीएम-कुसुम योजना २०१९ ची. तिचे तीन भाग आहेत : शेतजमिनीवर छोटे सौर प्रकल्प, वीजजोडणी नसलेल्या ठिकाणी स्वतंत्र सौर पंप, आणि जोडणी असलेल्या पंपांचं किंवा त्यांच्या अख्ख्या फीडरचं सौरीकरण. महाराष्ट्राने या तिसऱ्या वाटेवर आधीच पाऊल टाकलं होतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली आणि तिच्या पहिल्या प्रायोगिक गावांत राळेगणसिद्धी होतं. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा अवतार आला. उपकेंद्रापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत जमीन घ्यायची, तिथे अर्ध्या मेगावॅटपासून २५ मेगावॅटपर्यंतचा सौर प्रकल्प उभारायचा, त्याची वीज थेट त्या उपकेंद्रात सोडायची आणि तिथून निघणाऱ्या शेतीच्या फीडरवर दिवसा द्यायची, अशी त्याची रचना. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरसाल पाच लाखांचं अनुदान. या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावात सुरू झाला. योजनेचं लक्ष्य पुढे १६,००० मेगावॅटपर्यंत वाढवण्यात आलं.

सोबतीला ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ आहे. शेतकऱ्याने किमतीच्या दहा टक्के भरायचे; अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी पाच टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. २०२५ च्या अखेरीस राज्याने एका महिन्यात ४५,९११ सौर पंप बसवल्याचा विक्रम नोंदवला. शिवाय २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांचं पंपाचं वीजबिल राज्य सरकार भरतं.

हा सारा खर्च ‘शेतकरी कल्याण’ या सदरात मोडतो आणि तो योग्यच आहे. प्रश्न आहे क्रमाचा. सौर वाहिनीचा प्रकल्प आधी कुठे होतो? जिथे उपकेंद्राजवळ सलग जमीन चटकन मिळते तिथे. ज्या गावाच्या तिन्ही बाजूंना वनजमीन आहे, ज्याचं शिवार तुकड्या-तुकड्यांचं आहे, ते गाव साहजिकच यादीत खाली जातं. आणि वन्यप्राण्यांच्या सर्वांत जवळ असतं तेच. जमीन सहज कुठे मिळते, यावर दिवसाच्या विजेचा क्रम ठरतो. रात्रीचा धोका कुठे अधिक आहे, यावर नाही.

क्रम बदलता येतो, याचं उदाहरण शेजारीच आहे. गुजरातने २०२० च्या ऑक्टोबरमध्ये किसान सूर्योदय योजना सुरू केली, ती पहाटे पाच ते रात्री नऊ या वेळेत शेतीला वीज देण्यासाठी. पहिल्या वर्षाच्या जिल्ह्यांत दाहोदसारखा बिबट्यांचा जिल्हा होता आणि सिंहांचा गीर-सोमनाथही. २०२५ च्या गणनेत गुजरातेत ८९१ सिंह मोजले गेले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक संरक्षित वनक्षेत्राबाहेर होते. सिंहाच्या मुलखात रात्री पाणी देणं बंद होणं ही वन्यजीव संरक्षणातली फार मोठी कामगिरी असते, आणि ती ऊर्जा खात्याच्या नावावर जमा होते. त्याला कुणाची हरकत असू नये.

दुसरा सिलिंडर

आता विदर्भात जाऊ. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ आढळले. २०१४ मध्ये ते १९० होते. त्यांतला मोठा हिस्सा चंद्रपूर जिल्ह्यात आहे, आणि तो ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत मावत नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या तालुक्यांत वाघ आणि माणूस एकाच जंगलात ये-जा करतात. माणसाच्या जंगलात जाण्याला तीन कारणं असतात : सरपण, मोहफुलं आणि तेंदूपत्ता. तिन्ही कामं वाकून, बसून करायची आणि बहुतेक वेळा पहाटे. वाघाच्या डोळ्यांना दोन पायांवर उभा माणूस आणि जमिनीशी वाकलेली आकृती या दोन वेगळ्या गोष्टी असतात.

सरपणाला उत्तर म्हणून उज्ज्वला योजना आली, १ मे २०१६ रोजी, उत्तर प्रदेशातल्या बलियातून. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आठ कोटींचा टप्पा औरंगाबादेत गाठला गेला; आज जोडण्या दहा कोटींच्या वर आहेत. महाराष्ट्राच्या वन विभागाने तर त्याआधीच, २०१५ मध्ये, डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आणली होती. बफर क्षेत्रातल्या आणि अभयारण्यांलगतच्या गावांना त्यातून सवलतीत गॅस दिला गेला. वन खात्याने शेगडी वाटणं हा त्या काळातला नवा विचार होता, आणि तो अचूक होता.

पण जोडणी ही सुरुवात असते. चूल विझते की नाही, ते दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या सिलिंडरवर ठरतं. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर करायचा तर वर्षाला साधारण सात ते नऊ सिलिंडर लागतात. उज्ज्वलाच्या लाभार्थी घरांत २०१९-२० मध्ये सरासरी ३.०१ सिलिंडर लागले. २०२४-२५ मध्ये ४.४७. वाढ खरी आहे आणि तिचं श्रेय अनुदानाला आहे : २०२२ मध्ये सिलिंडरमागे २०० रुपये, २०२३ च्या ऑक्टोबरपासून ३००. मात्र याच अनुदानाची वर्षाची मर्यादा २०२५-२६ साठी बारा सिलिंडरांवरून नऊवर आणली गेली. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. तरीही ४.४७ याचा अर्थ असा, की सरासरी घरात जवळपास निम्मा स्वयंपाक अजून चुलीवर होतो. चहा आणि पाहुण्यांची भाजी गॅसवर. भाकरी, आंघोळीचं पाणी आणि गुरांचं आंबोण चुलीवर. त्या निम्म्या स्वयंपाकासाठी मोळी लागतेच, आणि मोळीसाठी जंगल.

राष्ट्रीय सरासरीवर चालणाऱ्या योजनेला वाघाच्या शेजारचं गाव आणि महामार्गावरचं गाव सारखंच दिसतं. ते सारखं नाही. बफरमधल्या घरात वर्षाचे आठही सिलिंडर परवडतील अशी सोय केली, तर वाचणाऱ्या प्रत्येक मोळीमागे जंगलातली एक फेरी कमी होते. देशातल्या ५८ व्याघ्र प्रकल्पांलगतची गावं तशी मोजकी आहेत. त्यांच्यासाठी वेगळं अनुदान देणं राष्ट्रीय खजिन्याला जड जाणार नाही.

गॅसने तेंदूपत्ता मात्र थांबत नाही. तो इंधन नाही, रोजगार आहे. मे महिन्यात काही आठवडे अख्खी कुटुंबं पहाटेपासून पानं तोडतात, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी फडीवर नेतात. मजुरी शेकडा पुडक्यांवर. हंगाम चुकला तर त्या उन्हाळ्यात हातात दुसरी रोकड नसते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. ‘जंगलात जाऊ नका’ ही सूचना त्यांच्या गावाला नवी नव्हती. मे महिन्यात गावातच दुसरं काम असतं, तर ती सूचना पाळता आली असती.

इथे रोजगार हमीचा संबंध येतो. हमीचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला, १९७७ मध्ये, वि. स. पागे यांच्या चिकाटीमुळे. त्या धर्तीवर २००५ चा राष्ट्रीय कायदा झाला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला, जो ‘विकसित भारत – जी राम जी’ या नावाने ओळखला जातो. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. खर्चाचा वाटा बहुतेक राज्यांसाठी केंद्र ६० आणि राज्य ४० असा ठरला. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा राज्यांना मिळाली. या बदलांवर संसदेत आणि बाहेर जोरदार वाद झाला. राज्याचा वाटा वाढल्याने गरीब जिल्ह्यांत कामंच कमी निघतील, ही टीकाकारांची भीती रास्त आहे. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर वाढलेले २५ दिवस कोणत्या महिन्यात मिळतात, यावर पुष्कळ अवलंबून आहे. वाघांच्या तालुक्यांत एप्रिल-मेमध्ये ही कामं गावातच निघाली, तर कुटुंबातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला तरी जंगलात न जाण्याचा पर्याय मिळेल.

कुंपणातला करंट

वीज माणसाला वाचवते, तशी मारतेही. रानडुकरं, नीलगायी, चितळ एका रात्रीत धानाचं किंवा हरभऱ्याचं शेत साफ करतात. वैतागलेला शेतकरी तारेवर आकडा टाकतो आणि कुंपणात थेट करंट सोडतो. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात ‘श्रीनिवास’ नावाचा तरुण वाघ अशाच कुंपणाने मेला. प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा तो बछडा. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून शोध तरी लागला. अशा कुंपणांना चिकटून माणसंही मरतात. पुष्कळदा तो शेजारचाच शेतकरी असतो, पहाटे आपल्या शेताकडे निघालेला.

याला पर्याय आहे आणि गावांत त्याला ‘झटका मशीन’ म्हणतात. छोटं सौर पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी आणि एक पेटी. ही पेटी तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणाच्याही अंशापुरता उच्च दाबाचा झटका सोडते. जनावराला जबर चटका बसतो, स्नायू आखडून ते तारेला चिकटून राहत नाही, मागे उडी घेतं आणि पुन्हा सहसा फिरकत नाही. खांबावरच्या २३० व्होल्टच्या तारेत प्रवाह सलग वाहतो, त्यामुळे स्पर्श झालेला जीव सुटतच नाही. दोन कुंपणांतला फरक इतकाच, आणि तो जगण्या-मरण्याचा आहे. जन-वन विकास योजनेत या सौर कुंपणाला अनुदान मिळतं. मात्र एकेकट्याने कुंपण घातलं की डुकरं शेजाऱ्याच्या शेतात शिरतात, म्हणून ते सामूहिक हवं : अख्ख्या शिवाराच्या कडेने, आणि तारेखालचं गवत वेळच्या वेळी काढायची जबाबदारी ठरवून. गवत तारेला टेकलं की झटक्याचा जोर जमिनीत जातो.

नुकसान झालंच तर आता आणखी एक आधार आहे. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने वन्यप्राण्यांनी केलेली पीकनासधूस पंतप्रधान पीकविमा योजनेच्या अतिरिक्त संरक्षणात घेण्याचं जाहीर केलं, २०२६ च्या खरिपापासून. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित करायचं. शेतकऱ्याने ७२ तासांच्या आत ॲपवर छायाचित्रांसह नोंद करायची. विदर्भाच्या आणि कोकणाच्या शेतकऱ्याची ही जुनी मागणी. पण बफरमधल्या गावांत मोबाईलला रेंज नसते आणि सातबाऱ्यावर नाव एकाचं, कसणारा दुसरा, असं सर्रास असतं. कृषी सहायकाने बांधावर येऊन नोंद करून देण्याची सोय नसेल, तर ही तरतूद ज्यांना सर्वाधिक गरज आहे त्यांच्यापर्यंतच पोचणार नाही.

हिरव्या विजेची किंमत

इथवर सौर ऊर्जेची बाजू घेतली. तिची दुसरी बाजूही तेवढ्याच स्पष्टपणे मांडायला हवी. माळढोक हा दहा-पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, त्यामुळे समोरचं त्याला कमी दिसतं. तार दिसली तरी जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. देशात मोकळ्या माळावर जेमतेम दीडशे माळढोक उरल्याचा अंदाज आहे, आणि ते मुख्यतः राजस्थानच्या थर वाळवंटात आहेत. देशाचे सर्वांत मोठे सौर आणि पवन प्रकल्पही त्याच पट्ट्यात उभे राहत आहेत.

वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये माळढोकाच्या क्षेत्रात वीजवाहिन्या जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. सुमारे ९९,००० चौरस किलोमीटरला तो लागू होत होता आणि सरकारने तो अव्यवहार्य असल्याचं सांगितलं. २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये समितीच्या शिफारशी स्वीकारल्या गेल्या : राजस्थानात १४,०१३ आणि गुजरातेत ७४० चौरस किलोमीटरचं प्राधान्यक्षेत्र, त्यात नव्या मोठ्या प्रकल्पांना मनाई, वाहिन्यांसाठी ठरावीक मार्गिका. वीज हवी आणि पक्षीही हवा, हे दोन्ही मान्य करून नकाशावर रेघ ओढायला साडेचार वर्षं लागली.

महाराष्ट्राने ही रेघ वेळेत ओढली नाही, त्याचा परिणाम सोलापूरजवळ नान्नजला दिसतो. १९७९ मध्ये तिथे माळढोक अभयारण्य घोषित झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेकडो गावं आणि खासगी शेतं आली, लोकांचा विरोध झाला, पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. आज तिथे माळढोक दिसणं जवळपास थांबलं आहे. मात्र लांडगा, काळवीट, चिंकारा, तणमोर अजून राज्याच्या माळरानांवर आहेत, आणि त्या माळांवर धनगरांच्या मेंढ्याही चरतात.

सौर वाहिनीसाठी सरकारी जमीन शोधताना अधिकाऱ्याच्या हाताला पहिल्यांदा लागतं ते गायरान. महसुली कागदावर ते पडीक असतं. प्रत्यक्षात तिथे गवत असतं, तळी असतात, लांडग्याची वीण असते आणि गावातल्या भूमिहीनाची शेळी चरते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामायिक जमिनींच्या रक्षणाविषयी कडक शब्दांत बजावलं आहे. शेतकऱ्याला दिवसाची वीज देताना मेंढपाळाचा माळ काढून घेतला, तर एका गरिबाचं कल्याण दुसऱ्या गरिबाच्या खर्चाने केल्यासारखं होईल. खडकाळ, गवत नसलेली जमीन, उपकेंद्रांची आवारं, कालव्यांच्या कडा, भाड्याने देऊ इच्छिणाऱ्यांची नापीक रानं हे पर्याय आधी तपासले पाहिजेत. गायरान घ्यायचंच झालं, तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय आणि त्यावरच्या चराईची व वन्यजीवांची पाहणी केल्याशिवाय एक खांबही रोवू नये.

आधी खर्च की नंतर

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस दगावला, तर महाराष्ट्र सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. देशातल्या मोठ्या भरपायांपैकी ही एक आहे. ती दिलीच पाहिजे. पण भरपाई ही घटनेनंतरची असते. तिच्या आधी त्याच घरावर करायचे खर्च म्हणजे दिवसाची वीज, तीन-चार जादा सिलिंडर, मे महिन्यातलं गावातलं काम, शिवाराला सामूहिक झटका कुंपण. यांतला एकही नवीन शोध नाही. प्रत्येकासाठी योजना आहे, निधी आहे, अंमलबजावणीचा विभागही आहे. उणीव आहे ती या चारही योजनांना एकाच गावाच्या यादीने बांधण्याची. केंद्राने २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्पांबाहेरच्या वाघांसाठी स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्यात अशी यादी करायला चांगली जागा आहे. महाराष्ट्राने तर त्याची वाटही पाहू नये : गेल्या दहा वर्षांत जिथे माणसं दगावली, जखमी झाली, जनावरं मारली गेली, त्या गावांचे पंचनामे वन विभागाकडे आहेतच. ती गावं सौर वाहिनी, गॅस अनुदान आणि रोजगार हमी या तिन्हींच्या प्राधान्यक्रमात सर्वांत वर घ्यावीत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, चार सचिवांची एक बैठक पुरते.

वाचकांपैकी जे अशा गावांत राहतात, त्यांना एक विनंती. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी विचारा. आपल्या शेताला वीज देणाऱ्या फीडरचं नाव काय आणि तो सौर वाहिनीच्या यादीत आहे का? नसेल, तर तालुक्यातला क्रम कशाच्या आधारे ठरला? आणि गावात झालेल्या वन्यप्राणी हल्ल्यांची नोंद महावितरणच्या उपविभागाला कळवली आहे का? ठराव करून त्याची एक प्रत वन परिक्षेत्र अधिकाऱ्याला द्या आणि दुसरी महावितरणच्या उपअभियंत्याला. दोघांचीही पोच घ्या. आपल्या गावात बिबट्या आहे हे वन विभागाला माहीत असतं आणि रात्री वीज येते हे महावितरणला. या दोन नोंदी एका कागदावर आणण्याचं काम सध्या कुणाकडेच नाही. ते ग्रामसभेनेच करावं.